खुर्चीवरची फुली

"काका, एका माणसाला दोन खुर्च्या कशाला हो लागतात?"

धाकट्या मालकांनी हे अगदी सहज विचारलं. ते जिन्याखालच्या केबिनच्या दारात उभे होते, हातात फोन, एक पाय आत, एक बाहेर. आत येऊन बसायचा त्यांचा विचार नव्हता आणि गेल्या कित्येक वर्षांत तो कधी झालाही नव्हता. इमारतीची देखभाल बघणारे किल्लीवाले गडबडून उभे राहिले. हिशेब बरोबर होता. माणूस एक होता आणि खुर्च्या दोन होत्या.

"आणि दुसरं म्हणजे," धाकटे मालक म्हणाले, "यंदाची सफाई उरकली की आपण जरा बोलू. शनिवारी संध्याकाळी मी येतोच बघायला. कॅमेरे लागले, दारांना कार्डं बसली, तक्रारींना ॲप आलं. आता तुम्ही कशाला दगदग करता? घरी आराम करा की!"

ऐकणाऱ्याला वाटेल, काय प्रेमळ मालक! पण घरी आराम म्हणजे काय, ते किल्लीवाल्यांना पुरतं ठाऊक होतं. बायको गेल्यापासून त्या घरात फक्त भिंतीवरचं घड्याळ बोलायचं, आणि तेही तास भरला की. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. रविवारी तिचा फोन यायचा, "जेवलात का? गोळी घेतलीत का?" एवढं विचारून व्हायचं, की तिच्याकडे कुणीतरी रडायचं आणि फोन संपायचा. म्हणून किल्लीवाले रोज सगळ्यांच्या आधी इमारतीत येत आणि सगळ्यांच्या नंतर जात. इथं निदान कुणी ना कुणी "किल्लीवाले, नळ गळतोय!" म्हणून ओरडायचं. किल्लीवाले म्हणायचे, "अरेरे! केव्हापासून?" झालं, तेवढाच संवाद. त्यात काही गोडवा नव्हता, पण ज्याच्याशी दिवसभर दुसरं कुणी बोलत नाही, त्याला गळका नळही पुरतो.

त्यांना किल्लीवाले हे नाव पडलं ते कमरेच्या जुडग्यामुळे. ते जुडगं एवढं वजनदार होतं की किल्लीवाले एका बाजूला कलून चालायचे, आणि त्यांच्याआधी त्यांचा खुळखुळाट पोचायचा. दारांना कार्डं बसल्यापासून त्यातली एकही किल्ली कशालाच लागत नव्हती, कारण कुलपंच उरली नव्हती. तरी जुडगं रोज कमरेला असायचंच. ते नसतं, तर आपण आलो काय नि गेलो काय, कुणाला पत्ता लागला नसता, असं त्यांना मनातून वाटायचं.

आणि दुसरी खुर्ची थोरल्या मालकांची होती. ते होते तोवर रोज दुपारी खाली उतरायचे, त्या खुर्चीत बसून चहा प्यायचे आणि साऱ्या जगाला नावं ठेवायचे. ते गेले. खुर्ची राहिली. तिचा एक पाय डुगडुगायला लागला होता, तरी किल्लीवाले रोज तिच्यावरची धूळ झटकायचे. आलंच कुणी बसायला तर असावी म्हणून. पण येतंय कोण? लोक दारातूनच बोलायचे आणि दारातूनच परत फिरायचे.

आता सफाईची गोष्ट. थंडी ओसरली की इमारतीची वार्षिक सफाई निघायची. गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायची, पन्हळींतला पाला काढायचा, खिडक्यांच्या काचा बाहेरून पुसायच्या, जळमटं पाडायची, आणि जिन्यात नि पॅसेजमध्ये वर्षभर साठलेली अडगळ भंगारात द्यायची. या शेवटच्या कामात एक रीत होती. आदल्या संध्याकाळी किल्लीवाले पांढरा खडू घेऊन मजल्यामजल्यावर फिरायचे आणि जे जे टाकायचं, त्याच्यावर फुली मारायचे. वर्षभर या माणसाला कुणी विचारत नसे, पण त्या संध्याकाळी त्यांची फुली चालायची. नेहमीची सफाईवाली मंडळी सकाळी यायची आणि फुल्या बघून सामान उचलायची. एक शब्द बोलावा लागत नसे.

यंदाही किल्लीवाले खडू घेऊन निघाले. वकिलांच्या मजल्यावरच्या लंगड्या टेबलावर फुली. त्याच मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दाराशी, वाळून कोळ झालेल्या झाडाच्या कुंडीवर फुली. शिकवणीच्या मजल्यावर, केव्हाच पळून गेलेल्या कुठल्याशा कंपनीच्या पाटीवर फुली. तिच्या बाजूच्या गंजक्या कूलरवर फुली. मग ते खाली केबिनमध्ये आले आणि दोन खुर्च्यांसमोर उभे राहिले.

"एका माणसाला दोन कशाला?" ते स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले. मग त्यांनी थोरल्या मालकांच्या खुर्चीच्या पाठीवर एक भलीमोठी फुली मारली आणि खडू खिशात टाकून, दिवा मालवून, तिच्याकडे न बघता घरी गेले. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी सफाईवाले आले ते नवेच. धाकट्या मालकांनी माणसं बदलली होती. पुढे एक ठसठशीत मुकादमबाई, पदर खोचलेला, हातात रबरी मोजे, आणि मागे झाडू, बादल्या, शिड्या घेतलेली फौज. किल्लीवाल्यांनी त्यांना सांगायला आख्खं भाषण तयार ठेवलं होतं. इमारत कधी बांधली इथपासून. शिवाय त्यांनी कोपऱ्यावरून दोन कप चहा आणवला होता.

"या, बसा ना. चहा घेऊ, मग सांगतो सगळं."

"बसायला वेळ कुणाला आहे, साहेब? काम दाखवा."

किल्लीवाल्यांनी भाषण गुंडाळलं. "टाकीचं मी जातीनं बघतो," ते म्हणाले. "आणि पॅसेजमधल्या सामानावर मी फुल्या मारून ठेवल्यात. त्या बघून करा, म्हणजे विचारत बसायला नको."

मुकादमबाईंचा चेहरा एकदम उजळला. "फुल्या? अहो, शहाणे आहात! नाहीतर लोक शेवटपर्यंत हे राहू दे, ते राहू दे करत आमच्या मागे फिरतात. काळजीच सोडा. आमचं आयुष्य फुल्यांत गेलंय."

"दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो येईल."

"त्यात एक काडी कमी पडणार नाही, बघा तुम्ही."

दोघंही खूश. आणि इथंच सगळं बिनसलं. मुकादमबाईंची माणसं आजवर प्रयोगशाळा नि इस्पितळं साफ करत आलेली होती. तिथं ज्या वस्तूवर फुली, तिला बाहेर काढायचं नाही, जपून पुसायचं आणि होती तिथं ठेवायचं. जिच्यावर फुली नाही, ती उचला! त्यांच्या धंद्यात हे इतकं पक्कं होतं, की यात विचारायचं काय असतं तेच बाईंना माहीत नव्हतं. आणि किल्लीवाल्यांना तर फुलीचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

किल्लीवाले गच्चीवर गेले. टाकी रिकामी केलेलीच होती. दोन माणसं आत उतरून तिला घासत होती. ती धुऊन झाली, माणसं बादल्या घेऊन खाली गेली. किल्लीवाले मात्र पन्हळ बघायला मागे रेंगाळले. तेवढ्यात जिना झाडत वर आलेल्या कुणीतरी दारावरची सूचना वाचली: 'गच्चीचे दार उघडे ठेवू नये. ठेवल्यास कारवाई होईल.' त्या आज्ञाधारक माणसानं दार ओढून घेतलं, आतून कडी घातली आणि तो पुढच्या कामाला लागला. ती सूचना किल्लीवाल्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली होती.

त्यांनी दार ढकललं. मग वाजवलं. मग हाका मारल्या. शेवटी सवयीनं कमरेचं जुडगं काढलं आणि भानावर आले. एवढ्या किल्ल्या, आणि कडीला किल्ली कुठून लागणार?

खिशात फोन होता. पण लावायचा कुणाला? धाकट्या मालकांना लावावा, तर "काका, मी काय म्हणत होतो? आराम करा" हे ठरलेलं. मुकादमबाईंचा नंबर घ्यायला त्या बसल्या कुठे होत्या? नळवाल्याचा नंबर होता, तो नळ सोडून कशालाच येत नसे. किल्लीवाल्यांनी सगळे नंबर खालीवर केले. ओळखीचे म्हणावे असे फार नव्हतेच. शेवटी त्यांनी मुलीला लावला.

"बाबा? आज शनिवार ना? काय झालं?"

"काही नाही गं. सहज."

"सहज? तुम्ही? बरं आहे ना सगळं?"

सांगावं की काय, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तीही तेच म्हणणार हे त्यांना माहीत होतं. या वयात गच्चीवर कशाला चढता, सोडा ते काम, घरी बसा. "छान आहे," ते म्हणाले. "गच्चीवर उभा आहे. वारा सुटलाय मस्त."

"अरे वा! बरं वाटलं ऐकून. जरा मोकळ्या हवेत जात जा असेच. ठेवू का? धाकटा उठलाय."

फोन बंद झाला. मोकळी हवा भरपूर होती. किल्लीवाले कठड्याशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी खाली पाहिलं. टेम्पो आला होता. सफाईवाले सामान आणून आणून भरत होते, आणि ते बघून किल्लीवाल्यांचा ऊर भरून आला. केवढं भंगार निघालं यंदा! एक लांबलचक सोफा आला, अगदी वकिलांच्या सोफ्यासारखा. मग एक बाक आला, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याबाहेर असतो तसाच. एवढ्या उंचावरून सगळं सारखंच जुनाट दिसतं. मग चपला-बुटांनी गच्च भरलेली एक मांडणी आली. "लोक काय काय टाकून देतात!" किल्लीवाले हळहळले. त्यांनी खाली हात हलवून "दार उघडा" अशी खूण केली. टेम्पोतल्या माणसानंही वर बघून आनंदानं हात हलवला. दिवसभरात त्यांच्याकडे बघून हात हलवणारा तो पहिलाच माणूस. किल्लीवाल्यांनी पुन्हा हलवला. त्यानं पुन्हा हलवला. मग टेम्पो निघून गेला.

खाली तोवर काय चाललं होतं? या सगळ्याचा साक्षीदार एकच, दातांच्या डॉक्टरीणबाईंचा एक पेशंट. बाईंनी त्याला इंजेक्शन देऊन "दहा मिनिटं बाहेर बसा" म्हणून बाकावर बसवलं होतं. सफाईवाल्यांनी त्याला अदबीनं उठवलं, बाक उचलला आणि नेला. तो बिचारा ओरडला, पण अर्धं तोंड बधिर. त्यातून जे निघालं ते ऐकून सफाईवाला म्हणाला, "हो हो, थँक्यू, थँक्यू."

बऱ्याच वेळानं गच्चीची कडी वाजली. दारात मुकादमबाई उभ्या होत्या, हातात एक पाना.

"इथं आहात होय! सगळीकडे शोधलं. अहो, तुमच्या केबिनमधली ती खुर्ची. पाय डुगडुगतोय तिचा. घट्ट केला, पण एक स्क्रू कमी पडतोय. कुठे मिळेल?"

"कुठली खुर्ची?"

"फुलीवाली. एवढी मोठी फुली दुसऱ्या कशावरच नाही. म्हटलं, यांचा जीव दिसतोय हिच्यावर. मीच बसले दुरुस्त करायला."

किल्लीवाल्यांना काही उमगेना. "बाई, ती तर टाकायची होती."

"टाकायची? मग फुली कशाला मारलीत?"

"टाकायची म्हणूनच मारली!"

"फुली असेल ते ठेवायचं असतं!"

"फुली असेल ते टाकायचं असतं!"

मग दोघांनीही एकाच वेळी कठड्यावरून वाकून जिथं टेम्पो उभा होता त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"अगं आई गं," मुकादमबाई म्हणाल्या आणि मटकन पायरीवर बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

जिना उतरताना एकेक मजला उलगडत गेला. शिकवणीच्या दारात पोरांचा गलका. सगळी अनवाणी आणि त्यापायी बेहद्द खूश. त्यांच्या बाईही अनवाणी, पण खूश नाहीत. पळपुट्या कंपनीची पाटी घासूनपुसून लखलखीत करून पुन्हा भिंतीवर सरळ टांगलेली. गंजक्या कूलरला तेलपाणी केलेलं. खालच्या मजल्यावर वकीलसाहेब रिकाम्या पॅसेजमध्ये काळा कोट घालून उभे, आणि त्यांच्या बाजूला लंगड्या टेबलाला चौथा पाय बसवलेला.

"माझा सोफा! अशिलं उभी आहेत माझी! मी नोटीस पाठवीन!"

"कुणाला?" डॉक्टरीणबाईंनी दारातून विचारलं. त्यांच्या तोंडावर मास्क आणि हातात चिमटा होता.

"ते कळलं की पाठवीन!"

डॉक्टरीणबाईंच्या दाराशी वाळक्या झाडाची पानं एकेक करून पुसलेली होती आणि कुंडीत पाणी घातलेलं होतं. केबिनमध्ये किल्लीवाल्यांची स्वतःची रोजची खुर्ची गायब होती. उरली होती ती फक्त फुलीवाली, ताठ उभी. किल्लीवाल्यांनी कपाळावर हात मारला. संध्याकाळी धाकटे मालक येणार, आणि बघणार काय? इमारतीत बसायला जागा नाही आणि कचऱ्याची मात्र आरास मांडलेली. मग कसली नोकरी नि कसलं काय. ते घर, ते घड्याळ. त्यांचे डोळेच भरून आले.

"रडता काय?" मुकादमबाई म्हणाल्या. "भंगारवाला राहतो कुठे?"

"दोन गल्ल्या सोडून."

"मग चला की!"

आणि वरात निघाली. पुढे खुळखुळत किल्लीवाले, बाजूला पाना घेतलेल्या मुकादमबाई, मागे काळ्या कोटातले वकील, मास्कवाल्या डॉक्टरीणबाई आणि खडे टोचले की "आई गं!" करणाऱ्या अनवाणी शिकवणीबाई. वर्षानुवर्षं एकाच इमारतीत वावरून ही माणसं एकमेकांना लिफ्टमध्ये नुसती बघायची. आज चालता चालता वकिलांनी डॉक्टरीणबाईंना आपली दाढ दाखवली, आणि त्यांनी रस्त्यातच ती बघितली. किल्लीवाल्यांच्या मनात आलं, इतक्या माणसांबरोबर आपण शेवटचं कधी चाललो होतो? आठवेना. एवढ्या संकटातही त्यांना अंमळ बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

भंगारवाला वकिलांच्या सोफ्यावर पाय पसरून पहुडला होता.

"परत? छे! माल काट्यावर चढला, वजन झालं. एकदा काट्यावर चढलं की माझं."

"कुठल्या कायद्यानं?" वकील गरजले.

"काट्याच्या."

शेवटी मुकादमबाईंनी तोडगा काढला. मालाला माल! जेवढं वजन न्यायचं, तेवढं खरं भंगार आणून द्यायचं. भंगारवाला कबूल झाला. त्यानं सोफा, बाक आणि चपलांची मांडणी टेम्पोत चढवली, दोन माणसं बरोबर धाडली आणि त्याच टेम्पोनं फुलीचं सामान आणायला सांगितलं. "त्या खुर्चीला मात्र हात लावायचा नाही," मुकादमबाईंनी त्या माणसांना बजावलं. "तिला मी पाय बसवलाय."

टेम्पो आला. लंगडं टेबल उतरवताच वकील पुढे सरसावले. "हे भंगार? चांगलं चार पायांचं आहे! मला हवंय." शिकवणीबाईंनी पाटीची मागची बाजू बघितली आणि म्हणाल्या, "याचा फळा होईल." डॉक्टरीणबाईंना पुसलेलं झाडच आवडलं. "मेलंय ते," किल्लीवाले म्हणाले. "असू दे," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्यांना कुठे कळतंय?" सगळे आपापलं सामान टेम्पोत घालून निघाले. काट्यावर राहिला एकटा कूलर, लोखंडाचा म्हणून भलताच जड. आणि भंगारवाल्याच्या ताब्यात राहिली एकच वस्तू, किल्लीवाल्यांची रोजची खुर्ची.

"वजन कमी पडतंय," भंगारवाला म्हणाला. "अजून काहीतरी टाका, नाहीतर ही माझी."

"राहू दे," किल्लीवाले हळूच म्हणाले. "केबिनमध्ये एक आहे. एका माणसाला दोन कशाला?"

"म्हणजे आलेल्या माणसानं उभं राहायचं?" मुकादमबाई कडाडल्या.

"येतंय कोण, बाई?"

हे त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. पण मुकादमबाईंना सकाळचे ते दोन कप आठवले असावेत. त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी आले असते ना. पण खुर्ची असली पाहिजे."

किल्लीवाल्यांनी कमरेला हात घातला, जुडगं काढलं आणि काट्यावर ठेवलं. धाडकन आवाज झाला. काटा हलला, डुलला आणि बरोबर जागेवर येऊन थांबला.

"एवढ्या किल्ल्या!" भंगारवाला म्हणाला. "कशाच्या हो?"

"कशाच्याच नाहीत," किल्लीवाले म्हणाले आणि आपली खुर्ची डोक्यावर घेऊन चालायला लागले. आता ते सरळ चालत होते, पण आवाज न करता. वळून बघितल्याशिवाय मुकादमबाईंना ते शेजारी आहेत की नाहीत तेच कळेना.

केबिनशी आले तर आत कुणीतरी होतं. थोरल्या मालकांच्या खुर्चीत, केस विस्कटलेले, टाय सैल केलेले धाकटे मालक बसले होते. समोर तो पेशंट उभा राहून त्यांना काहीतरी सांगत होता. त्याची जीभ आता सुटली होती आणि तो थांबायला तयार नव्हता.

"काका! कुठे होतात तुम्ही?" धाकटे मालक जवळजवळ रडकुंडीला आले होते. "आख्ख्या इमारतीत बसायला ही एकच जागा उरली होती! आणि इथं बसल्यापासून कुणी श्वास घेऊ दिला नाही हो. अनवाणी पोरं येतात, आमचे बूट म्हणतात. अशिलं येतात, सोफा म्हणतात. हे गृहस्थ आले, ते अर्धा तास नुसते हूं हूं करत होते. वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या, नळ गळतोय. मी म्हटलं, ॲपवर टाका. तर म्हणतात, ॲप काय 'अरेरे' म्हणतं का? किल्लीवाले निदान अरेरे तरी म्हणतात!"

"अरेरे!" किल्लीवाले म्हणाले. "केव्हापासून गळतोय?"

धाकट्या मालकांनी खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला. "बाबा इथंच बसायचे ना?"

"हो. रोज दुपारी."

"ते आरामाचं... राहू दे सध्या, काका. तुम्ही असा इथंच." ते उठले आणि पेशंटनं पुढचं वाक्य सुरू करायच्या आत दारातून सटकले.

त्यांच्या उंची काळ्या कोटाच्या पाठीवर भलीमोठी पांढरी फुली उमटली होती. ती घेऊन ते रुबाबात फाटकाकडे चालले होते. मुकादमबाईंनी किल्लीवाल्यांकडे पाहिलं.

"आता यांना ठेवायचं की टाकायचं?"

किल्लीवाले हसले. इतके हसले की त्यांना धरायला काहीतरी लागलं, म्हणून ते आपल्या खुर्चीत बसले. समोरच्या खुर्चीत मुकादमबाई बसल्या. चहा आला. त्यांनी खुर्ची मागेपुढे हलवून पाहिली, स्क्रू नीट बसलाय म्हणाल्या, तीन घोटांत कप रिकामा केला आणि उठल्या. उद्यापासून त्यांचं काम दुसऱ्या टोकाच्या कुठल्या तरी इमारतीत होतं.

"पुढच्या सफाईला येईन, तेव्हा बघते डुगडुगते का."

पुढची सफाई म्हणजे पुढची थंडी ओसरल्यावर. किल्लीवाले म्हणाले, "या हं. नक्की या."

फौज गेली, वकील गेले, शिकवणी सुटली. इमारत पार रिकामी झाली. काचा अशा स्वच्छ होत्या की बाहेरचा रस्ता आत आल्यासारखा वाटत होता, आणि त्या रस्त्यावरही कुणी नव्हतं. किल्लीवाल्यांनी सवयीनं कमरेला हात लावला. तिथं काहीच नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, दुपारपासून चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. तुम्हाला काही सांगायचं होतं का?"

"हो," किल्लीवाले म्हणाले. "मी गच्चीवर अडकलो होतो. कुणीतरी आतून कडी घातली."

"अरेरे!" मुलगी म्हणाली. "किती वेळ? मग काय केलंत?"

आपल्याला कुणी अरेरे म्हणून किती वर्षं झाली, ते किल्लीवाल्यांना सांगता आलं नसतं. ते आरामात मागे टेकले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. पलीकडे धाकटा रडायला लागला, तर ती म्हणाली, "रडू दे त्याला. पुढे सांगा. सोफ्याचं काय झालं?"

फोन संपला तेव्हा अंधारून आलं होतं. किल्लीवाले निघायला उठले आणि त्यांचं लक्ष समोरच्या खुर्चीकडे गेलं. तिच्यावर आता फुली नव्हती. होती ती धाकटे मालक कोटावर घेऊन गेले होते. किल्लीवाल्यांनी खिशातून खडू काढला आणि तिच्या पाठीवर पुन्हा एक ठसठशीत फुली मारली, मुकादमबाईंच्या अर्थाची. मग वळून त्यांनी स्वतःच्या खुर्चीवरही तेवढीच मोठी फुली मारली, दिवा मालवला आणि ते घरी गेले.